रेंडरिंगचा संगणक आणि खानदेशातला उन्हाळा

रेंडरिंग म्हणजे संगणकात रचलेल्या त्रिमितीय दृश्याचे चित्र किंवा चलचित्र तयार करणे. भिंती, खिडक्या, फरशी, दिवे आणि कॅमेरा यांची मांडणी माणूस करतो. प्रकाश कुठून आला, कशावर पडला, कितपत परतला आणि त्यातला किती कॅमेऱ्यापर्यंत पोचला, हा हिशेब संगणक करतो. या हिशेबाचे समीकरण अमेरिकी संशोधक जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये मांडले. आजची बहुतेक रेंडर सॉफ्टवेअर त्याच समीकरणाचे अंदाजे उत्तर काढतात. चित्राच्या प्रत्येक बिंदूतून अनेक किरण सोडायचे, ते दृश्यात कुठे कुठे आपटतात ते पाहायचे आणि सगळ्यांची सरासरी घ्यायची, अशी ही पद्धत आहे.

हा हिशेब किती मोठा असतो, ते आकड्यांवरून कळते. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला १२८ किरण धरले, तर एका चित्रासाठी १०६ कोटी किरण सोडावे लागतात आणि त्यातला प्रत्येक किरण पुढे कित्येकदा आपटतो. हे झाले एका स्थिर चित्राचे. बंगल्याचा ३० सेकंदांचा वॉकथ्रू, म्हणजे आतून फिरून आल्यासारखे चलचित्र, सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने करायचा, तर ७५० चित्रे लागतात. एका चित्राला ४ मिनिटे लागली, तर संगणक सलग ५० तास चालेल. १ मिनिट लागले, तर साडेबारा तासांत काम उरकेल.

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी हे काम घराचे एलिव्हेशन, दुकानाचे इंटिरिअर, प्लॉटच्या ले-आउटचा वॉकथ्रू आणि लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग अशा रूपांत येते. त्यासाठी लागणारा संगणक बहुधा सुटे भाग जुळवून, म्हणजे असेंबल करून घेतला जातो. मोठ्या शहरातल्या वातानुकूलित स्टुडिओसाठी केलेली भागांची यादी इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. गेम खेळताना प्रोसेसरवरचा भार क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. रेंडर सुरू असताना तो तासन्‌तास शंभर टक्के राहतो. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, व्होल्टेज खालीवर होते आणि लाइट अधूनमधून जाते. त्यामुळे भाग निवडताना दोन प्रश्नांची उत्तरे हवीत: सॉफ्टवेअर हिशेबासाठी कोणता भाग वापरते आणि तो भाग या गावातल्या खोलीत किती वेळ पूर्ण वेगाने चालू शकतो.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून

रेंडर सॉफ्टवेअरचे ढोबळ दोन गट पडतात. पहिला गट प्रोसेसरवर चालणाऱ्यांचा. इंटिरिअर करणाऱ्यांत लोकप्रिय असलेले कोरोना पूर्णपणे प्रोसेसरवर चालते. त्याच्यासाठी महागडे ग्राफिक कार्ड घेतले, तरी रेंडरचा वेळ मिनिटानेही कमी होत नाही. दुसरा गट ग्राफिक कार्डवर चालणाऱ्यांचा. लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन, डी-फाइव्ह, ऑक्टेन ही नावे या गटात येतात. व्ही-रे, अर्नोल्ड आणि ब्लेंडरमधले सायकल्स हे दोन्ही मार्गांनी चालतात. मात्र सायकल्ससारख्या इंजिनात त्याच किमतीचे ग्राफिक कार्ड साधारणपणे प्रोसेसरपेक्षा बरेच वेगवान ठरते.

दृश्य रचण्याचे काम मात्र वेगळ्याच गुणावर अवलंबून असते. स्केचअप, ऑटोकॅड किंवा थ्रीडीएस मॅक्समध्ये मॉडेल फिरवणे, कापणे, हलवणे ही कामे मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे हिशेब करणाऱ्या एकाच विभागावर पडतात. तिथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. म्हणून ‘जितके कोअर जास्त तितका संगणक चांगला’ हा समज अर्धाच खरा आहे. दिवसभर मॉडेल रचून संध्याकाळी लुमियनमध्ये दोन-चार चित्रे काढणाऱ्याला ६ ते ८ वेगवान कोअर पुरतात. रात्रभर कोरोना चालवणाऱ्याला १६ कोअरही कमीच वाटतात.

प्रोसेसर

प्रोसेसरवर रेंडर करायचे असेल, तर कोअर आणि थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालू शकणारी कामे, यांची संख्या पाहावी. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या एएमडी रायझन ९ ९९५०एक्समध्ये १६ कोअर आणि ३२ थ्रेड आहेत. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५केमध्ये २४ कोअर असले, तरी त्यातले ८ मोठे आणि १६ लहान आहेत. त्यामुळे दोन कंपन्यांच्या कोअरच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. सिनेबेंच आणि ब्लेंडरच्या चाचण्या प्रत्यक्ष रेंडर करूनच गुण देतात, म्हणून तुलनेसाठी त्याच आधाराला घ्याव्यात.

रेंडर ग्राफिक कार्डवर होणार असेल, तर प्रोसेसरवरचा खर्च आवरता येतो. मधल्या दर्जाचा ६ किंवा ८ कोअरचा प्रोसेसर घेऊन वाचलेले पैसे कार्डाकडे वळवणे केव्हाही फायद्याचे. लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये असलेली क्विक सिंक ही सोय व्हिडिओ उघडण्याचे आणि एक्स्पोर्ट करण्याचे काम हलके करते, आणि लग्नाच्या एडिटिंगमध्ये सर्रास वापरले जाणारे एडियस तिचा चांगला उपयोग करून घेते. मॉडेलच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक नसते आणि क्विक सिंकही मिळत नाही. थोड्या पैशांच्या बचतीपायी ही सोय गमावू नये.

जुना प्रोसेसर घेताना इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीबाबत सावध राहावे. त्यांतल्या वरच्या दर्जाच्या काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याने ते कालांतराने अस्थिर होत, हे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कंपनीने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटीची मुदत वाढवली. पण आधी झालेली हानी त्या दुरुस्तीने भरून निघत नाही.

ग्राफिक कार्ड आणि त्याची मेमरी

कार्ड निवडताना बहुतेकांची नजर वेगावर जाते. रेंडरिंगमध्ये त्याआधी कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम पाहावी लागते. अख्खे दृश्य, त्यातले सगळे मॉडेल आणि टेक्स्चर त्या मेमरीत मावावे लागते. वेग कमी असेल तर काम उशिरा होते. मेमरी कमी पडली तर सॉफ्टवेअर बंद पडते, किंवा संगणकाची रॅम उसनी घेऊन फार सावकाश चालते.

मेमरी कुठे खर्च होते, ते पाहण्यासारखे आहे. लाकडाचे किंवा मार्बलचे ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंचे टेक्स्चर डिस्कवर जेपीजी स्वरूपात काही एमबीचेच असते. कार्डावर ते उलगडून ठेवले, की प्रत्येक बिंदूला ४ बाइट या हिशेबाने ६४ एमबी होते. एका वास्तवदर्शी मटेरियलला रंग, खडबडीतपणा आणि उठाव अशी किमान तीन टेक्स्चर लागतात, म्हणजे १९२ एमबी. घराच्या एका दृश्यात अशी ४० मटेरियल असली, तर साडेसात जीबी तिथेच संपली. सॉफ्टवेअर टेक्स्चर दाबून ठेवून हा भार काहीसा उतरवतात. तरीही बागेतली झाडे, गवत, फर्निचर आणि खुद्द विंडोज यांची जागा वेगळी लागते. यावरून ८ जीबीचे कार्ड व्यावसायिक कामाला का अपुरे पडते, ते कळते. आज १२ जीबी ही सुरुवातीची पातळी मानावी आणि १६ जीबी ही निवांत पातळी.

म्हणूनच कार्डाचे नवे-जुनेपण हा एकमेव निकष नाही. २०२१ मधले आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे कार्ड आहे, तर त्यानंतर २०२३ मध्ये आलेले आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीचे. नवे कार्ड वेगवान आहे. पण मोठे दृश्य जुन्यातच मावते. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत निघाली. बिलावर आणि खोक्यावर हा आकडा वाचून घ्यावा. मेमरीच्या बाबतीत दोन कार्डे लावूनही फायदा नसतो, कारण प्रत्येक कार्डाला अख्ख्या दृश्याची वेगळी प्रत लागते. १२ जीबीची दोन कार्डे लावली, तर वेग वाढेल. दृश्य मात्र १२ जीबीचेच राहील.

एनव्हिडिया की एएमडी, या प्रश्नाचे उत्तरही सॉफ्टवेअरच देते. बरीचशी इंजिने एनव्हिडियाच्या कूडा आणि ऑप्टिक्स या व्यवस्थांवर उभी आहेत. सायकल्स एएमडीच्या कार्डावरही चालते, पण सगळ्याच सॉफ्टवेअरबाबत तशी खात्री देता येत नाही. २०१८ पासूनच्या आरटीएक्स कार्डांत किरणांचा हिशेब करणारे खास विभाग असतात. डी-फाइव्हसारख्या सॉफ्टवेअरला त्यांचा मोठा फायदा होतो. कमी किरणांत काढलेल्या चित्रातले दाणे पुसणारी डिनॉइझिंगची सोयही कार्डावर झटपट होते. त्यामुळे पूर्वी हजारो किरण लागत, तिथे आता काहीशे पुरतात.

रॅम, मदरबोर्ड आणि डिस्क

रॅम किमान ३२ जीबी असावी. प्रोसेसरवर रेंडर करायचे असेल किंवा दृश्यात झाडेझुडपे भरपूर असतील, तर ६४ जीबी. कार्डावरच्या मेमरीच्या निदान दुप्पट रॅम ठेवणे हा चांगला अंदाज आहे. डीडीआर५ रॅमच्या चारही खाचा भरल्या, तर बहुतेक मदरबोर्डवर तिचा वेग उतरतो. म्हणून १६ जीबीच्या चार पट्ट्यांपेक्षा ३२ जीबीच्या दोन पट्ट्या बऱ्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव झपाट्याने चढले. अशा वेळी ३२ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी पुढे घालण्याचा मोह होतो. पण एका पट्टीवर रॅमचा वेग निम्म्यावर येतो आणि नंतर मिळणारी पट्टी जुळेलच असे नाही.

मदरबोर्डने रेंडरचा वेग वाढत नाही, पण हलक्या बोर्डमुळे तो घटू शकतो. प्रोसेसरला वीज पुरवणारे बोर्डवरचे भाग सलग भाराखाली तापले, की प्रोसेसरचा वेग खाली आणला जातो. १६ कोअरचा प्रोसेसर घेणाऱ्याने या भागांवर ॲल्युमिनियमचे जाड हीटसिंक असलेला बोर्ड घ्यावा. रंगीत दिव्यांवर पैसे घालण्याचे कारण नाही.

विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू प्रकल्प यांसाठी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो. चौथ्या पिढीच्या चांगल्या एनव्हीएमईचा सात हजारांपर्यंत जातो. हा फरक फाइल उघडताना जाणवतो, रेंडरच्या वेळेत फारसा नाही. म्हणून सर्वांत महाग एसएसडी घेण्याऐवजी उरलेल्या पैशांत बॅकअपसाठी मोठी हार्डडिस्क घेणे शहाणपणाचे. चलचित्र थेट एमपी४ फाइलमध्ये रेंडर करू नये. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र पीएनजी किंवा ईएक्सआर चित्र म्हणून साठवावी. मध्येच लाइट गेली, तर एमपी४ फाइल बहुधा वाया जाते. सुट्या फ्रेम असल्या, की काम थांबले त्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येते.

उष्णता आणि धूळ

संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. रेंडर करताना ५०० वॅट घेणारा संगणक म्हणजे ५०० वॅटचा हीटरच. दहा तासांत तो ५ युनिट वीज खातो. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे त्याची एक सप्तमांश ताकद या एका यंत्रापायीच खर्च होते.

कुलर कितीही चांगला असला, तरी तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. ठरावीक भाराला प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातला फरक जवळपास कायम राहतो. २५ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ९७ अंशांवर जायला पाहील. रायझनच्या बहुतेक नव्या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे. ती गाठली, की तो स्वतःचा वेग कमी करतो. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत घेतलेल्या चाचणीचे आकडे पत्र्याच्या छताखालच्या खोलीत मे महिन्यात मिळत नाहीत, ते यामुळे.

त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, विजेची मर्यादा बांधून घेणे. १७० वॅटच्या वर्गातला रायझन कमाल सुमारे २३० वॅट ओढतो. बायोसमध्ये त्याला १०५ वॅटच्या इको मोडवर आणले, तर ही मर्यादा १४२ वॅटवर येते आणि रेंडरचा वेग मात्र थोडाच घटतो. ग्राफिक कार्डाचेही तेच: विजेची मर्यादा २०-२५ टक्क्यांनी खाली आणली, तरी वेग त्या प्रमाणात कमी होत नाही. शेवटच्या काही टक्के वेगासाठी हे भाग भरमसाट वीज खातात. दुसरा उपाय, हवा खेळणारे कॅबिनेट. पुढची बाजू काचेची नसून जाळीची असावी, पुढे दोन-तीन आणि मागे एक पंखा असावा. तिसरा उपाय, मोठा एअर कुलर. लिक्विड कुलर मोठ्या प्रोसेसरना उपयोगी पडतो, पण त्याचा पंप बिघडला, तर काम तिथेच थांबते आणि सुटा भाग गावात मिळत नाही. एअर कुलरचा पंखा मात्र पाच मिनिटांत बदलता येतो.

खानदेशातल्या घरोघरी असलेला पाण्याचा कुलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत खोली चांगली गार करतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा प्रभाव उरत नाही. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, कारण हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात. तो चालवायला खिडकी उघडी लागते आणि खिडकीतून धूळ येते. काळ्या मातीच्या या कापूसपट्ट्यात उन्हाळ्यात धूळ असते आणि जिनिंगच्या हंगामात जिनांच्या आसपास कापसाची तूस उडते. तूस हीटसिंकच्या पात्यांत अडकली, की हवेचा रस्ता बंद होतो. म्हणून पुढच्या बाजूला सहज काढून धुता येणारी डस्ट फिल्टरची जाळी हवी. आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले, तर फटींतून धूळ आत खेचली जात नाही. महिन्यातून एकदा संगणक बंद करून ब्लोअरने साफ करावा आणि त्या वेळी पंखे बोटाने धरून ठेवावेत.

एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

स्वस्त संगणकात सर्वांत आधी काटछाट होते ती सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची. रेंडरच्या यंत्रात तिथेच काटछाट करू नये. हिशेब सोपा आहे: प्रोसेसर २३० वॅट, ५०६० टीआय दर्जाचे कार्ड १८० वॅट, बाकी सगळे मिळून ८० वॅट, एकूण ४९० वॅट. त्यावर मोकळीक धरून ६५० ते ७५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढते, तो धक्का या मोकळिकीत पचतो. ८० प्लस गोल्डची खूण असलेला एसएमपीएस वीज कमी वाया घालवतो आणि म्हणून स्वतः कमी तापतो. लेबलवर १०० ते २४० व्होल्ट अशी इनपुटची कक्षा असल्याची खात्री करावी. संध्याकाळी मोटारी आणि कुलर एकदम सुरू होऊन व्होल्टेज १८० च्या खाली आले, तरी असा एसएमपीएस तग धरतो.

यूपीएसच्या खोक्यावरचा व्हीए आणि वॅट हे आकडे वेगवेगळे असतात. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच पेलतो. ५०० वॅटचा संगणक त्यावर रेंडर करत असताना लाइट गेली, तर यूपीएस असूनही संगणक बंद पडेल. अशा यंत्राला ६०० वॅट आणि त्यावरचा, म्हणजे १००० ते ११०० व्हीएचा यूपीएस हवा. तोही तासभर पुरत नाही; रेंडर थांबवून फाइल सेव्ह करण्यापुरती मिनिटे देतो. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा, तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा आणि त्याचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे. साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला जो वेळ घेतो, तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो.

या सगळ्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग नसले, तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि विजेचा जोराचा लोट आला, तर त्याला जमिनीत जायला वाट राहत नाही. उन्हाळ्यात खड्ड्याची माती सुकून अर्थिंग कमजोर होते, म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढून ठेवावी.

खरेदी आणि चाचणी

धरणगावहून जळगाव सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिथल्या गोलाणी मार्केटमध्ये संगणकाची दुकाने आहेत, तर त्याहून मोठी निवड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. ऑनलाइन भाव कमी दिसतो. पण भाग बिघडल्यावर कुरिअरने पाठवून परत येईपर्यंत काम बंद राहते, हा खर्च त्यात धरायला हवा. बिल जीएसटीचे घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि वॉरंटी भारतातली आहे ना, हे विचारावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे ग्राफिक कार्डांवरचे मायनिंग बंद झाले आणि तिथे राबलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात उतरली. असे कार्ड घ्यायचेच असेल, तर समोर तासभर रेंडर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पैसे मर्यादित असतील, तर क्रम असा लावता येतो. लुमियन किंवा डी-फाइव्हवर काम असेल, तर आधी १६ जीबीचे कार्ड, मग एसएमपीएस आणि यूपीएस, मग रॅम, शेवटी प्रोसेसर. कोरोनावर असेल, तर आधी प्रोसेसर आणि त्याचा कुलर, मग ६४ जीबी रॅम. कार्ड साधे चालेल. व्हिडिओ एडिटिंगसाठी क्विक सिंक असलेला इंटेल प्रोसेसर, मध्यम कार्ड आणि साठवणीला भरपूर जागा. वर्षातून एखाद-दुसराच मोठा वॉकथ्रू करावा लागत असेल, तर त्यासाठी महागडे यंत्र घेण्यापेक्षा तेवढे काम भाड्याच्या रेंडर फार्मवर पाठवणे स्वस्त पडते. मात्र मोठ्या फाइल वर चढवण्याइतके इंटरनेट हवे.

संगणक जुळवून झाला, की त्याची परीक्षा सकाळी गारव्यात न घेता भर दुपारी घ्यावी. आपल्याच कामातले सर्वांत जड दृश्य दोन तास सलग रेंडर करावे आणि प्रोसेसर, कार्ड व एसएसडी यांचे तापमान एचडब्ल्यू-इन्फोसारख्या प्रोग्राममध्ये पाहत राहावे. पहिल्या फ्रेमला लागलेला वेळ आणि दोन तासांनंतरच्या तितक्याच जड फ्रेमला लागलेला वेळ सारखा असेल, तर थंडावा पुरेसा आहे. नंतरच्या फ्रेमना जास्त वेळ लागू लागला, तर विजेची मर्यादा आणखी उतरवावी किंवा पंखे वाढवावेत. चाचणी चालू असतानाच एकदा भिंतीवरचे बटण बंद करून यूपीएस भार पेलतो का, हेही पाहून घ्यावे. दुकानदाराकडून भाग बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते, त्यामुळे हे सगळे पहिल्या आठवड्यातच उरकणे इष्ट.